फेऱ्यांचा कांटा

जुनी मोटार पुन्हां उभी करणाऱ्या हौशी माणसाला एका टप्प्यावर एक चमत्कारिक उणीव भासूं लागते. इंजिन उतरवून दुरुस्त झालेलें असतें, पत्र्यावरचा गंज निघालेला असतो, आसनांवर नवें कातडें चढलेलें असतें. मग तो प्रथमच सुकाणूपाशीं बसतो आणि त्याच्या ध्यानांत येतें कीं, समोरच्या डॅशबोर्डवर गाडीचा वेग सांगणारा कांटा आहे, पेट्रोल सांगणारा आहे, पाण्याचें तपमान सांगणारा आहे. परंतु इंजिन मिनिटाला किती फेरे घेत आहे हें सांगणारा कांटा, म्हणजे टॅकोमीटर, नाहीं. गाडी नवी असतांना पहिल्या मालकानें चार पैसे वांचविलेले असतात, किंवा कारखान्यानें तो कधीं दिलेलाच नसतो. तेथून शोध सुरू होतो. टॅकोमीटर बाजारांत हवा तेवढा मिळतो; मिळत नाहीं तो असा टॅकोमीटर कीं, जो बसविल्यावर पाहणाऱ्याला वाटावें, हा येथें पहिल्या दिवसापासूनच आहे.

अमेरिकेंत ज्यांना मसल कार म्हणतात त्या १९६४ ते १९७२ च्या सुमाराच्या दांडग्या गाड्यांच्या शौकिनांत ह्या शोधाला जवळजवळ शास्त्राचें रूप आलें आहे. आपल्याकडे तोच शोध अ‍ॅम्बॅसडर व पद्मिनी ह्या घरगुती गाड्यांच्या वाट्याला येतो. विषय वरवर पाहतां हौसेचा. पण त्याच्या पोटांत एक जुना प्रश्न दडलेला आहे. मापानें यंत्राविषयीं खरें सांगावें हें सर्वांनाच मान्य आहे. त्यानें स्वतःविषयीं किती खरें सांगावें?

फेरे मोजण्याची गरज मोटारीच्या जन्माअगोदरची आहे, आणि वऱ्हाडाच्या ती चांगल्या परिचयाची आहे. वऱ्हाड प्रांत १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. पुढें १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी पेटली, तेथला कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव चढला. १८६७ सालीं भुसावळहून नागपुरापर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला. १८७० सालीं खामगांवचा फांटा उघडला. त्या रुळांच्या पाठोपाठ वाफेवर चालणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, आणि अकोला, अमरावती, खामगांव येथील हंगामाचें वेळापत्रक त्यांच्या भोंग्यावर चालूं लागलें.

अशा कारखान्याच्या एका टोंकाला वाफेचें इंजिन असे. त्यानें फिरविलेला एक लांबच लांब दंड शेडभर जाई, आणि त्यावरील कप्प्यांवरून निघालेले पट्टे ओळीनें मांडलेल्या जिनांना फिरवीत. जिनांत कातड्याचा रूळ रुई ओढी आणि पोलादी पातें सरकी मागें लोटी. रूळ मंद फिरला तर काम रेंगाळे. फाजील वेगानें फिरला तर सरकी फुटे, धागा दुखावे आणि घर्षणानें रूळ तापे. सगळ्या शेडचें बरेंवाईट अशा रीतीनें एका आंकड्यावर अवलंबून होतें: मुख्य दंड मिनिटाला किती फेरे घेतो. तो आंकडा स्थिर राखण्यासाठीं इंजिनावर दोन लोखंडी गोळे फिरत. जेम्स वॅटनें १७८८ सालीं वाफेच्या इंजिनाला जोडलेला गव्हर्नर तो हाच. वेग वाढला कीं गोळे बाहेर फेकले जात व वाफेची वाट आवळली जाई. वेग उतरला कीं ते खालीं येत व वाट मोकळी होई. परंतु गव्हर्नर वेग राखतो, तो सांगत नाहीं.

सांगण्याचें काम लंडनच्या ब्रायन डॉन्किन ह्या यंत्रज्ञानें हातीं घेतलें. त्याच्या उपकरणाला १८१० सालीं सोसायटी ऑफ आर्ट्स ह्या संस्थेनें सुवर्णपदक दिलें. त्यांत पाऱ्यानें भरलेला एक पेला यंत्राबरोबर फिरे. वेग वाढे तसा पारा कडेला चढे व मध्यें खोल जाई, आणि त्यांत बुडविलेल्या नळींतील रंगीत द्रव खालीं उतरून वेगाचा आंकडा दाखवी. १८१७ सालीं जर्मनींत डीड्रिख उलहोर्न यानें केंद्रापासून दूर फेंकणाऱ्या बळावर चालणारा टॅकोमीटर तयार केला. नांव ग्रीक शब्दांवरून बनलें आहे. टाकोस म्हणजे वेग, मेट्रॉन म्हणजे माप. हीं उपकरणें नाजूक. प्रत्यक्ष कामाच्या जागीं दंडाच्या टोंकाला हातांतला गणक टेंकवावयाचा, दुसऱ्या हातांत घड्याळ धरावयाचें आणि एका मिनिटाचे फेरे मोजावयाचे, हा सोपा मार्ग होता. त्याहूनहि सोपें साधन म्हणजे कान. जुन्या इंजिनवाल्याला पट्ट्यांच्या सुरांतला फरक जेवतांनाहि कळतो, आणि त्याला घड्याळ दाखवावें लागत नाहीं.

मोटार आली तीहि आरंभीं कानावरच चालली. स्ट्रासबुर्गच्या ऑटो शुल्त्से यानें १९०२ सालीं वेगमापकाचें पेटंट घेतलें. त्यांत फिरता लोहचुंबक धातूच्या एका वाटीला आपल्यामागें ओढी आणि वाटीला जोडलेला कांटा वळे. रस्त्यावरील वेगाला कायद्यानें मर्यादा पडल्यामुळें हा कांटा लवकरच प्रत्येक गाडींत आला. इंजिनाच्या फेऱ्यांवर मात्र कोणत्याहि सरकारनें मर्यादा घातली नव्हती. त्यामुळें टॅकोमीटर राहिला तो विमानांत, शर्यतीच्या गाड्यांत आणि कांहीं विलायती स्पोर्ट्स गाड्यांत. घरगुती मोटारीला तो चैनीचा वाटे.

वऱ्हाडला अमेरिकन मोटारी मिळत त्या मुंबईच्या वाटेनें. फोर्डनें १९२६ सालीं हिंदुस्थानांत आपली शाखा स्थापिली; जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यांत क्रायस्लर घराण्याच्या डॉज, प्लिमथ व डी सोटो ह्या गाड्या जोडल्या जाऊं लागल्या. पुढें तेथेंच फियाट तयार होऊं लागली व १९७४ पासून ती पद्मिनी ह्या नांवानें विकली गेली. म्हणजे ज्या डॉज आणि प्लिमथ ह्या नांवांनीं अमेरिकेंत मसल कारचा जमाना गाजविला, तीं नांवें मराठी मुलखांत त्याच्या वीस वर्षें अगोदर येऊन गेलीं होतीं. तो जमाना आला तेव्हां मात्र आयातीवर कडक निर्बंध होते, आणि त्या गाड्या येथें बहुतेकांनीं पडद्यावरच पाहिल्या.

त्या जमान्याचा आरंभ सामान्यतः १९६४ सालच्या पाँटियाक जी. टी. ओ. पासून मानतात. मध्यम आकाराच्या गाडींत ३८९ घनइंचांचें, म्हणजे सुमारें ६.४ लिटरचें, ३२५ अश्वशक्तीचें इंजिन बसवावयाचें, अशी ती साधी युक्ति होती. अ‍ॅम्बॅसडरचें वर्षानुवर्षें चाललेलें इंजिन दीड लिटरचें. त्याच्या चौपटीहून हें मोठें. अशा इंजिनाला कानावर सोंपविणें धोक्याचें असतें. फेरे एका मर्यादेपलीकडे गेले कीं व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांना त्यांच्याबरोबर धांवतां येत नाहीं. व्हॉल्व्ह बंद होण्यास उशीर होतो आणि वर येणारा दट्ट्या त्याच्यावर आदळूं शकतो. उलट गिअर फार लवकर बदलला तर ज्या बळासाठीं पैसे मोजले तें हातीं लागत नाहीं. ह्या दोहोंमधली नेमकी जागा दाखविणें हें टॅकोमीटरचें काम, आणि त्याच्या चकतीवरील तांबडा पट्टा ही त्या कामाची लक्ष्मणरेषा.

असें असूनहि कारखानदारांनीं तो बहुतेक गाड्यांत जादा पैसे घेऊनच दिला. गाडीची किंमत जाहिरातींत कमी दिसावी आणि एकेक वस्तु वर चढवीत न्यावी, हा व्यापाराचा रिवाज. शिवाय डॅशबोर्डचा साचा सर्व गिऱ्हाइकांसाठीं एकच ठेवावयाचा असल्यामुळें टॅकोमीटरला जागा कोठें द्यावी याविषयीं गमतीदार तडजोडी झाल्या. १९६४ च्या एप्रिलमध्यें बाजारांत आलेल्या फोर्ड मस्टँगमध्यें टॅकोमीटर व घड्याळ यांची जोडी सुकाणूच्या दांड्यावर खोगिरासारखी बसविलेली मिळे. पाँटियाकनें १९६७ पासून तो चक्क बॉनेटवर, कांचेच्या बाहेर, उन्हापावसांत नेऊन ठेवला. मृगाच्या पहिल्या सरींत अमरावतीच्या रस्त्यावर तो किती दिवस खरें बोलला असता, याची शंका घेण्यास जागा आहे. क्रायस्लरची युक्ति अधिक समंजस होती. एकाच गोल चकतींत कडेला इंजिनाचे फेरे आणि मधोमध तासाचे व मिनिटाचे कांटे. तिला त्यांनीं टिक-टॉक-टॅक असें लाडकें नांव दिलें. ज्यानें ती घेतली नाहीं त्याच्या डॅशबोर्डवर त्या जागीं नुसतें घड्याळ येई किंवा कोरें झांकण राही.

हें कोरें झांकणच पुढच्या सगळ्या खटाटोपाचें मूळ आहे. १९७० चा हवेच्या शुद्धतेचा कायदा, विम्याचे चढलेले दर आणि १९७३ ची तेलटंचाई यांनीं तो जमाना संपविला. गाड्या जुन्या झाल्या, मग दुर्मिळ झाल्या, मग मौल्यवान. पहिल्या मालकानें वांचविलेले थोडे डॉलर आतां तिसऱ्या-चौथ्या मालकाला खटकूं लागले.

मूळचा भासावा असा टॅकोमीटर बसविणें हें काम दिसतें त्याहून कष्टाचें आहे, कारण माणसाचा डोळा फार चिकित्सक असतो. शेजारच्या वेगमापकावरील आंकड्यांचें वळण व ह्या आंकड्यांचें वळण एक असावें लागतें. कांट्याची जाडी, त्याच्या टोंकाचा नारिंगी किंवा पांढरा रंग, चकतीचा काळेपणा, भोंवतालच्या निकेलच्या कड्याची रुंदी, कांचेचा फुगवटा, हीं सर्व एका कुळांतलीं दिसावीं लागतात. रात्रीं दिवा लागला कीं जुन्या मापांतून मंद हिरवट किंवा पिवळसर प्रकाश येतो. तेथें नव्या धर्तीचा पांढरा दिवा लावला कीं दिवसा साधलेलें सोंग रात्रीं उघडें पडतें. आणि सर्वांत अवघड म्हणजे वय. शेजारचे कांटे पन्नास उन्हाळ्यांत फिके पडलेले असतात. त्यांच्या ओळींत नवा झगझगीत कांटा म्हणजे म्हाताऱ्यांच्या पंगतींत मुंजा मुलगा. म्हणून जाणकार कारागीर बहुधा त्याच काळांतल्या मोडक्या मापाचें घर, कडें व कांच घेतो आणि आंतलें यंत्र तेवढें नवें घालतो. कांहीं जण जुन्या घड्याळाच्याच घरांत टॅकोमीटर बसवितात. घड्याळाचें घर रिकामें करण्यापूर्वीं आंतलें घड्याळ खरोखर मेलें आहे कीं केवळ तेलावांचून अडलें आहे, हें पाहावयास बहुतेक जण विसरतात.

आंतलें यंत्र कसें मोजतें तें कळल्यावांचून तें बसवूं नये. पेट्रोलचें नेहमीचें इंजिन प्रत्येक सिलिंडरमध्यें दोन फेऱ्यांत एकदां ठिणगी टाकतें. आठ सिलिंडरचें असेल तर एका फेऱ्यांत चार ठिणग्या. मिनिटाला ६००० फेरे झाले तर सेकंदाला ४०० ठिणग्या. आधुनिक टॅकोमीटर कॉइलच्या पॉइंटकडील टोंकावर उमटणारे हे विजेचे ठोके मोजतो आणि कांटा फिरवितो. अ‍ॅम्बॅसडर व पद्मिनी ह्या चार सिलिंडरच्या. त्यांत फेऱ्याला दोनच ठिणग्या. अमेरिकन आठ सिलिंडरचें माप तसेंच उचलून पद्मिनींत बसविलें तर तें खऱ्या आंकड्याच्या निम्मा आंकडा दाखवील, आणि चालक निर्धास्तपणें इंजिनाचा चुराडा करील. बऱ्याच मापांच्या पाठीवर चार, सहा, आठ यांतील निवड करण्याची कळ असते. ती आधींच पाहून ठेवावी. त्या काळच्या फोर्डच्या मापांची तर वेगळीच तऱ्हा होती. ठिणगीची वीजच त्यांच्या पोटांतून जाई, म्हणून माप बिघडलें कीं गाडीहि जागच्या जागीं थांबे. जुन्या विलायती धर्तीच्या गाड्यांत कित्येकदां बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडलेलें असे. आजचें माप ऋण टोंकाच्या हिशोबानें बनलेलें असतें व उलट जोडणींत क्षणांत जळतें. तार नेण्यासाठीं पत्र्यांत नवें भोंक पाडूं नये, पूर्वींच्याच तारांच्या वाटेनें रबरी कड्यांतून न्यावी, व मध्यें एक फ्यूज घालावा.

अ‍ॅम्बॅसडरच्या बाबतींत इतिहासानें एक सोय करून ठेविली आहे. तिचें १४८९ घनसेंटिमीटरचें इंजिन ज्या ब्रिटिश कुळांतलें, त्याच कुळांतलें व त्याच आकाराचें इंजिन १९५५ सालीं निघालेल्या एम. जी. ए. ह्या स्पोर्ट्स गाडींत होतें. आणि तिच्या डॅशबोर्डवर टॅकोमीटर होता. तेव्हां अ‍ॅम्बॅसडरला त्या धाटणीची चकती दिली तर ती परक्या घराण्यांतली ठरत नाहीं. मात्र तांबडा पट्टा चुलत बहिणीचा उसना घेऊं नये. स्पोर्ट्स गाडीसाठीं सजविलेल्या इंजिनाची मर्यादा आणि अमरावती-अकोला रस्त्यावर तीस वर्षें कुटुंब वाहून थकलेल्या इंजिनाची मर्यादा एक नसते.

चकती बसली, कांटा हलला, म्हणजे तो खरें बोलतो असें नव्हे. तपासणीची एक सुंदर रीत आहे, आणि तिला महाग उपकरण लागत नाहीं. आपल्याकडील घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते. त्यामुळें चोकवर चालणारी जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळां उजळते. रात्रीं शेडमध्यें तेवढी एकच ट्यूब लावावी आणि इंजिनाच्या पुढच्या कप्पीवर, इंजिन बंद असतांना, खडूनें एक रेघ ओढावी. मग इंजिन चालू करून वेग हळूहळू वाढवावा. मिनिटाला बरोबर १५०० फेरे झाले कीं एका रेघेच्या चार रेघा काटकोनांत स्तब्ध उभ्या दिसतात. ३००० झाले कीं समोरासमोर दोन. त्या क्षणीं कांटा कोठें आहे तें पाहावें. रेघा फिरण्याच्या दिशेनें सरकत असल्या तर इंजिन थोडें पुढें आहे. उलट सरकल्या तर मागें. पंख्यापासून धोतराचा सोगा, पदर व मुलें दूर ठेवावीं, हें सांगावयास नकोच. अखंड तेवणाऱ्या नव्या दिव्यांखालीं हा प्रयोग साधत नाहीं, त्यामुळें जुन्या ट्यूबलाइटचा एक तरी चोक जपून ठेवणाऱ्याचें भलें होतें.

येथपर्यंत प्रश्न यंत्राचा झाला. पुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९६४ सालींच, म्हणजे जी. टी. ओ. च्या वर्षींच, व्हेनिस येथें जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीं एक सनद तयार झाली. तिच्यांत असें तत्त्व घातलें आहे कीं, नाहींशा झालेल्या भागाच्या जागीं जो नवा भाग घालावा तो एकंदर वास्तूशीं मिळताजुळता असावा, परंतु मूळ भागाहून ओळखूं यावा. मूळचा भासणारा टॅकोमीटर ह्या तत्त्वाचा पूर्वार्ध मनोभावें पाळतो आणि उत्तरार्धाला धाब्यावर बसवितो. शिवाय येथें नाहींसें झालेलें कांहीं नसतें. जें कधींच नव्हतें तें आणून ठेवलेलें असतें.

त्यांत पैशाचा संबंध आला कीं सौंदर्याचें रूपांतर लबाडींत होण्यास वेळ लागत नाहीं. अमेरिकेंत साध्या गाडीवर महागड्या गाडीचीं चिन्हें आणि मापें चढवून ती अस्सल म्हणून विकण्याचे प्रकार इतके झाले कीं, शहाणें गिऱ्हाईक आतां डॅशबोर्ड पाहण्यापूर्वीं कारखान्याचे कागद आणि पत्र्यावरील खुणेचे आंकडे पाहतें. वऱ्हाडच्या कास्तकाराला हें नवें वाटूं नये. कारंजा येथें १८८६ सालीं सरकारी देखरेखीखालीं कापसाचा बाजार सुरू झाला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. देशांतील नियंत्रित बाजारपेठांचा आरंभ येथूनच मानतात. खोटी तागडी दिसावयास खऱ्या तागडीसारखीच असते. किंबहुना तिची सगळी कर्तबगारी त्या दिसण्यांतच असते. म्हणून बाजाराला केवळ तागड्या पुरल्या नाहींत. नियम, समिति व देखरेख लागली.

आपल्या सरकारनें जुलै २०२१ मध्यें जुन्या मोटारींसाठीं नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेली आणि मूळ स्वरूपांत राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवितां येते, आणि तिच्या क्रमांकांत व्हीए हीं अक्षरें येतात. सांगाडा, शरीराचा पत्रा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. डॅशबोर्डवरील एक चकती ह्या अटीच्या कक्षेंत क्वचितच येईल. कायदा जेथें बोलत नाहीं तेथें मालकानें बोलावें, एवढाच व्यवहार उरतो; आणि तो मुळींच अवघड नाहीं. पाहणाऱ्याच्या डोळ्याला खटकूं नये म्हणून चकती हुबेहूब करण्यांत कांहींच पाप नाहीं. जुन्या घरांतल्या मोडलेल्या खांबाच्या जागीं सुतार तसाच कोरलेला खांब उभा करतो, त्याला कोणी खोटेपणा म्हणत नाहीं. पण गाडीचा सौदा करतांना तोच सुतारी हात पुढें करून, हें कारखान्याचें काम, असें म्हणणें ही वेगळी गोष्ट झाली.

कांहीं जुने कारागीर त्यासाठीं एक साधी चाल पाळतात. चकती बंद करण्यापूर्वीं तिच्या पाठीवर, जेथें पुढचा दुरुस्ती करणारा उघडल्यावांचून पाहूं शकत नाहीं तेथें, ती कोणत्या सालीं व कोणत्या गाडीच्या सामानांतून बसविली हें अणकुचीदार सळईनें कोरून ठेवतात. काढलेलें झांकण किंवा जुनें घड्याळ मेणकागदांत गुंडाळून, त्याचे स्क्रू एका डबींत घालून, गाडीच्या कागदपत्रांबरोबर देतात. घड्याळाला थोडें तेल दिलें कीं तें कित्येकदां चालूंहि लागतें.